तीन डोस झाले, मग दीड वर्षाचं बूस्टर कशाला?

प्रश्न एका आईचा आहे. बाळ सोळा महिन्यांचं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे पेंटाचे (पाच आजारांची एकत्र लस, तिच्यात मेंदूज्वर करणाऱ्या हिब या जंतूचीही लस असते) तिन्ही डोस सरकारी दवाखान्यात वेळेवर झाले. पीसीव्हीचे, म्हणजे न्यूमोकॉकस या जंतूच्या लसीचे, पहिले दोन झाले. नऊ महिन्यांचा राहिला, कारण तेव्हा बाळाला ताप होता आणि नंतर ती दोन महिने माहेरी होती. आता बूस्टरचा विषय निघाला आणि घरात वाद झाला. तिचे दीर म्हणतात, "लस म्हणजे शरीराला जंतूची ओळख करून देणं. एकदा ओळख पटली की शरीर विसरत नाही. मग परत परत सुया कशाला टोचायच्या?" तिला विचारायचं आहे की मेंदूज्वराच्या लसीची अशी स्मृती बाळाच्या शरीरात खरंच तयार होते का, आणि होत असेल तर किती टिकते.

दिरांनी जे सांगितलं ते खरं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. स्मृती तयार होते. वर्षानुवर्षे टिकतेही. अडचण अशी की ती जागी व्हायला काही दिवस लागतात, आणि मेंदूज्वर करणारे जंतू तेवढे दिवस देत नाहीत. माझं सगळं उत्तर या एका वाक्याभोवती आहे. पण ते नीट पटायचं तर थोडं मुळापासून सांगावं लागेल.

मी निवासी डॉक्टर होते तेव्हा हिबची लस सरकारी कार्यक्रमात नव्हती. एका रात्री सात महिन्यांचं बाळ आलं. दोन दिवस ताप, दूध ओढत नव्हतं, उचललं की किंचाळत होतं आणि खाली ठेवलं की गप्प. एरवी बाळं उचलल्यावर शांत होतात. हे उलट होतं. टाळूवर हात ठेवला तर ती टम्म फुगलेली, नगाऱ्याच्या कातड्यासारखी ताणलेली. पाठीतलं पाणी काढलं. ते नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं. सुईतून थेंब पडले ते तांदळाच्या धुवणासारखे. प्रयोगशाळेत ते चॉकलेट अगारवर पसरलं (त्यात चॉकलेट नसतं, तापवलेल्या रक्ताने तो तपकिरी दिसतो म्हणून ते नाव) आणि दुसऱ्या दिवशी त्यावर करड्या, ओलसर ठिपक्यांची गर्दी उगवली. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी, म्हणजेच हिब. बाळ वाचलं. पंधरा दिवसांनी घरी जायच्या आधी त्याच्या आईने त्याच्या मागे स्टीलचं ताट फरशीवर पाडलं. वॉर्डातली बाकीची सगळी बाळं दचकली. याने मान वळवली नाही.

आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांना असं बाळ क्वचितच दिसतं. ते का, हे सांगताना माझा आवाज अजूनही थोडा चढतो, त्याबद्दल समजून घ्या.

बाळाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे जिवाणू बरेच आहेत, पण लसींच्या दृष्टीने तीन महत्त्वाचे: हिब, न्यूमोकॉकस आणि मेनिंगोकॉकस. तिघांनीही अंगावर साखरेचं कवच पांघरलेलं असतं. ही खायची साखर नव्हे. साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, ज्यांत तोच एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. गुढीला घालतो ती साखरगाठींची माळ डोळ्यासमोर आणा: एकसारख्या गाठी, एकाच दोऱ्यात. या कवचामुळे पांढऱ्या पेशींना जंतू गिळता येत नाही, तो हातातून निसटतो. त्या कवचावर अँटीबॉडी चिकटली, तर मात्र पेशीला पकड मिळते. म्हणजे बाळाला वाचवायला लागतं ते एकच, या साखरेविरुद्धची अँटीबॉडी.

मग सरळ साखरच टोचली तर? तेही करून झालं. १९७४ साली फिनलंडमध्ये तीन महिने ते पाच वर्षांच्या सुमारे एक लाख मुलांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना हिबच्या कवचाची नुसती साखर दिली, निम्म्यांना मेनिंगोकॉकस ए ची. दीड वर्षावरच्या मुलांना हिबच्या लसीने चांगलं संरक्षण मिळालं. दीड वर्षाखालच्यांना काहीच नाही. आणि हिबचा मेंदूज्वर तर मुख्यतः त्याच वयात होतो. अमेरिकेत १९८५ साली अशी नुसत्या साखरेची लस आली ती म्हणूनच मोठ्या बाळांसाठी होती. ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती ती बाळं तशीच उघडी राहिली.

असं का होतं? अँटीबॉडी बनवतात बी पेशी. नुसत्या साखरेला मोठ्या माणसात जी बी पेशी उत्तर देते ती बरीचशी प्लीहेच्या एका विशिष्ट भागात राहते, आणि तो भाग नीट पिकायला बाळाची जवळपास दोन वर्षं जातात. दुसरं कारण याहून मोठं आहे. बी पेशीला पक्कं, टिकाऊ काम करायचं तर टी पेशीची, म्हणजे दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीची, संमती लागते. कचेरीत एकाच्या सहीने कागद पुढे जात नाही, दुसऱ्याची सही लागते, तसं. टी पेशीला फक्त प्रथिनांचे तुकडे वाचता येतात, साखर वाचता येत नाही. त्यामुळे साखर बघून बी पेशी उठली तरी दुसरी सही मिळतच नाही. मोठ्या माणसात त्यातूनही तात्पुरत्या अँटीबॉडी बनतात, पण स्मृती उरत नाही. पुन्हा साखर टोचली तर पुन्हा तेवढंच, कधी कधी आधीपेक्षा कमी, कारण होत्या त्या पेशीही त्यात खर्ची पडतात.

यावरचा उपाय इतका साधा आहे की सांगताना मला दर वेळी आनंद होतो. साखर प्रथिनाला जोडून द्यायची. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी आणि वॉल्टर गोबेल यांनी १९२९ ते १९३१ च्या दरम्यान सशांवर हे दाखवलं होतं. (हेच एव्हरी पुढे १९४४ साली आनुवंशिकतेचा पदार्थ डीएनए आहे हे दाखवणारे.) त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं ही कल्पना पडून राहिली. ती हिबच्या लसीत आणली ती दोन जोड्यांनी, जॉन रॉबिन्स आणि रेचेल श्नीरसन, आणि डेव्हिड स्मिथ आणि पोर्टर अँडरसन. चौघांना १९९६ साली लास्कर पुरस्कार मिळाला. अमेरिकेत अशी जोडलेली, म्हणजे कॉन्जुगेट लस १९८७ साली आली आणि १९९० पासून तान्ह्या बाळांना देता येऊ लागली.

आता तुमच्या बाळाच्या मांडीत सुई गेल्यावर काय झालं ते बघू. गावाकडे म्हणतात, पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं. ते अवधाण म्हणजे तिथली लिम्फ ग्रंथी कामाला लागल्याची खूण. लसीचा माल मांडीतून त्याच ग्रंथीत पोचतो, फक्त गडबड इतकी कमी असते की हाताला काही लागत नाही. तिथे लाखो बी पेशी फिरत असतात आणि प्रत्येकीचा पकडायचा हात वेगळ्या आकाराचा. त्यांपैकी हिबच्या साखरेत ज्यांचा हात अडकतो अशा थोड्याच. ती पेशी साखर ओढून आत घेते आणि साखरेला बांधलेलं प्रथिनही आपोआप आत जातं. पेंटामध्ये हे प्रथिन बहुधा धनुर्वाताच्या लसीचंच असतं, म्हणजे निष्प्रभ केलेलं टिटॅनसचं विष. पेशी त्या प्रथिनाचे तुकडे करून आपल्या अंगावर मांडते. शेजारून जाणारी टी पेशी ते तुकडे ओळखते आणि सही देते. साखरेसाठी आलेल्या बी पेशीला प्रथिनाच्या ओळखीवर संमती मिळाली! टी पेशीला कळतही नाही की तिने साखरेच्या कागदावर सही केली.

यानंतर ग्रंथीत जे उभं राहतं त्याला जर्मिनल सेंटर म्हणतात. मला ते तालमीसारखं वाटतं. बी पेशी भराभर दुप्पट होतात आणि होताना आपल्या अँटीबॉडीच्या जनुकात मुद्दाम चुका करतात, शरीरातल्या इतर जनुकांच्या तुलनेत सुमारे दहा लाख पट वेगाने. बहुतेक चुका वाया जातात. एखादीमुळे हात साखरेवर जरा घट्ट बसतो. मग झटापट होते. घट्ट पकडणारीला टी पेशीचं बळ मिळतं, सैल पकडणारी मरते. पुन्हा दुप्पट, पुन्हा चुका, पुन्हा झटापट. हे काम आठवडे चालतं आणि त्यातून दोन प्रकारचे पठ्ठे बाहेर पडतात.

एक प्लाझ्मा पेशी. ती हाडांच्या मगजात जाऊन बसते आणि सेकंदाला हजारांच्या घरात अँटीबॉडी रक्तात सोडत राहते. दुसरी स्मृती बी पेशी. ती काहीच सोडत नाही. ग्रंथी, प्लीहा, रक्त यांत शांतपणे फिरत राहते, आणि तोच जंतू पुन्हा दिसला की उठते, वाढते आणि नव्या प्लाझ्मा पेशी तयार करते.

दिरांच्या बोलण्यातली 'ओळख' म्हणजे ही दुसरी पेशी. आणि बाळाला मेंदूज्वरापासून वाचवतात त्या मुख्यतः पहिल्या पेशीने आधीच सोडून ठेवलेल्या अँटीबॉडी. या दोन गोष्टींत गल्लत होते, आणि ती गल्लत फक्त घरातल्यांची होते असं नाही. एका काळी आम्हा डॉक्टरांचीही झाली होती.

ब्रिटनने १९९२ साली हिबची कॉन्जुगेट लस सुरू केली, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या महिन्याला, बूस्टरशिवाय. त्याच वेळी चार वर्षांपर्यंतच्या मोठ्या मुलांनाही एकेक डोस दिला. आजार झपाट्याने घसरला. तपासलं तर काही महिन्यांत तान्ह्यांच्या अँटीबॉडी खाली जात होत्या, पण पुन्हा थोडी साखर टोचली की उसळी मारून वर येत होत्या. म्हणजे स्मृती आहे. तज्ज्ञांनी मान डोलावली: स्मृती आहे ना, मग काळजी नाही. १९९९ नंतर हिबचे रुग्ण पुन्हा वाढायला लागले. २००३ साली घाईने बूस्टरची मोहीम काढावी लागली आणि २००६ पासून बाराव्या महिन्याचं बूस्टर कायमचं आलं. कारणं एकाहून जास्त होती. मोठ्या मुलांना दिलेल्या डोसांचा गावभर मिळणारा आडोसा संपला होता, आणि मधल्या काळात डांग्या खोकल्याच्या नव्या, एसेल्युलर (अख्ख्या जंतूऐवजी त्याचे निवडक तुकडे असलेल्या) घटकाबरोबर एकत्र केलेली लस वापरली गेली होती, ज्यात हिबला मिळणारं उत्तर कमी असतं. पण पाया एकच: बूस्टर नव्हतं.

मेनिंगोकॉकस सी ची कथा याहून स्पष्ट. त्याची कॉन्जुगेट लस नोव्हेंबर १९९९ मध्ये सगळ्यात आधी ब्रिटनने सुरू केली. तान्ह्यांना तीन डोस, आणि अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना एकेक. तान्ह्या वयात तीन डोस घेतलेल्यांचं संरक्षण पहिल्या वर्षी उत्तम होतं. वर्ष उलटल्यावर मोजलं तर जवळपास काही उरलं नव्हतं. मोठेपणी एकच डोस घेतलेल्यांचं त्यापेक्षा बरंच टिकलं. लस घेऊनही आजारी पडलेल्या काही मुलांचं रक्त आजारानंतर तपासलं, तेव्हा त्यात जोरदार, घट्ट पकडीच्या अँटीबॉडी सापडल्या, स्मृती जागी झाल्याच्या सगळ्या खुणांसह. स्मृती होती. ती जागीही झाली. फक्त उशीर झाला.

तो उशीर किती? स्मृती पेशी उठून रक्तात पुरेशा अँटीबॉडी दिसायला चार-पाच दिवस लागतात, शिखर त्याच्याही नंतर. मेनिंगोकॉकस घशात उतरल्यापासून आजार होईपर्यंत पुष्कळदा तीन-चार दिवसच जातात आणि पहिल्या तापानंतर चोवीस तासांत मूल दगावू शकतं. तहान लागल्यावर विहीर खणू नये असं आपण म्हणतो. इथे विहीर आधीच खणलेली आहे, दोर आहे, कळशी आहे. पण पाणी शेंदून घरात आणेपर्यंत आग माडीपर्यंत पोचलेली असते. घरात भरलेला हंडा हवा. कावीळ बी सारखा आजार आठवडे घेऊन हळू येतो, तिथे नुसती विहीर चालते, म्हणून तिथे अँटीबॉडी ओसरल्या तरी आम्ही निर्धास्त असतो. सगळ्या लसींना एकच माप लावता येत नाही ते यामुळे.

हंडा लहान बाळात लवकर का रिकामा होतो, हा खरा गाभ्याचा प्रश्न. रक्तातली अँटीबॉडी सुमारे तीन आठवड्यांत निम्मी होते, आईकडून मिळालेली असो की स्वतःची. ती टिकवायची तर कोणीतरी सतत बनवत राहायला हवं. मोठ्या माणसाच्या मगजात प्लाझ्मा पेशींना वर्षानुवर्षे जगवणारी सोय असते. आसपासच्या पेशी त्यांना जगण्याचे संकेत पुरवत राहतात. तान्ह्याच्या मगजात ते संकेत अजून अपुरे असतात. पेशी तयार होते, मगजात पोचते, पण तिथे तिचा संसार लागत नाही आणि काही महिन्यांत ती जाते. ग्रंथीतली तालीमही या वयात उशिरा आणि लहान उभी राहते. त्यात आईच्या अँटीबॉडी लसीचा थोडा माल झाकून ठेवतात. यात बाळाचं काही बिघडलेलं नसतं, वयच तसं असतं. वर्षाच्या आसपास हे सगळं बरंच सुधारतं, म्हणून पंधरा महिन्यांनंतर पहिल्यांदाच हिब देणार असू तर एकच डोस पुरतो. मग तोपर्यंत थांबायचं का? नाही, कारण जंतू थांबत नाही. हिबचा मोठा धोका पहिल्या दीड वर्षातच असतो. म्हणून लवकरचे डोस आजचं संरक्षण आणि स्मृतीचं बी म्हणून, आणि उशिराचा डोस ते बी मोठं करायला.

या दोहोंतलं अंतरही मुद्दाम ठेवलेलं आहे. पालक विचारतात, पुढच्या आठवड्यातच का नाही देत? तालीम चालू असताना मध्येच सामना लावून उपयोग नसतो. काही महिने गेले की घट्ट पकडीच्या स्मृती पेशी निवडून तयार असतात. मग आलेला डोस त्यांनाच उठवतो, नव्याने मिळणारं उत्तर कितीतरी मोठं येतं, आणि नव्या प्लाझ्मा पेशी आता पिकलेल्या मगजात जाऊन टिकतात. सरकारी कार्यक्रमात पीसीव्ही दीड महिना, साडेतीन महिने आणि थेट नऊ महिने अशी आहे. मधला साडेपाच महिन्यांचा रिकामा वाटणारा काळ लसीच्या कामाचा आहे. तुमच्या बाळाचा नेमका तो नववा महिना सुटला, म्हणून मी एवढं लांबण लावलं.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगते, कारण दीर तिथे बोट ठेवतीलच. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाने १९९७ साली हिबची लस बूस्टरशिवाय सुरू केली आणि पाच वर्षांत तिथला हिबचा आजार जवळपास नाहीसा झाला. मग ब्रिटनमध्ये जे झालं ते तिथे का नाही? मला पटणारं कारण असं की जिथे घरात माणसं जास्त आणि जंतूचा वावर जास्त, तिथे लस घेतलेल्या मुलाच्या घशाला जंतू अधूनमधून शिवून जातो आणि तेच बूस्टरचं काम करतं. शिवाय अशा ठिकाणी आजार खूप लहान वयात होतो. त्या थोड्या महिन्यांत पहिले डोस पुरतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच बूस्टरसह आणि बूस्टरशिवाय अशा दोन्ही पद्धती मान्य करते. आपल्या सरकारी कार्यक्रमात पेंटा डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूत आली, पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रासह देशभर, आणि त्यात हिबचं बूस्टर नाही. दीड वर्षाला जे सरकारी बूस्टर मिळतं ते डीपीटीचं, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताचं; त्यात हिब नसतं. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र सोळा ते अठरा महिन्यांना हिबचंही बूस्टर सांगते.

मग काय करायचं? लस सगळ्यांना पोचली की जंतूचा वावर घटतो आणि ते फुकटचं नैसर्गिक बूस्टर मिळणं बंद होतं. लसीचं यशच असं तिच्या स्मृतीची उजळणी थांबवतं. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी दीड वर्षाला हिबसह बूस्टर घ्यावं असं माझं मत. जमत नसेल त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. पेंटाचे तीन डोस वेळेवर झाले, हे सगळ्यात मोठं काम झालेलं आहे. एक सूचना त्यांच्यासाठी, ज्यांनी खासगीत 'पेनलेस' लस घेतली. तिच्यात डांग्या खोकल्याचा तोच एसेल्युलर घटक असतो, ज्याच्या सोबतीने हिबचं उत्तर थोडं उणं पडतं. त्यांनी दीड वर्षाचं बूस्टर चुकवूच नये.

स्मृतीचा एक थेट फायदा मात्र तुमच्या बाळाला आता मिळणार आहे. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. डोसला सात महिने उशीर झाला असला तरी पहिल्या दोन पीसीव्हीने तयार केलेल्या स्मृती पेशी तिथेच आहेत. राहिलेला एक डोस द्यायचा, गाडी तिथून पुढे. कित्येक आया "खूप उशीर झाला, आता सिस्टर ओरडतील" या भीतीने येतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. उशिरा आलेल्या बाळाला सुद्धा त्याचं शरीर उत्तम उत्तर देतं. आणि सर्दी-खोकला किंवा अंगात कणकण आहे म्हणून डोस पुढे ढकलू नका. थांबायचं ते बाळ खरंच आजारी असेल तेव्हाच.

डोसच्या आधीच, ताप येऊ नये म्हणून पॅरासिटामॉल देऊन आणायची पद्धत सोडा. २००९ साली चेक प्रजासत्ताकातल्या एका अभ्यासात, आधीच नियमित पॅरासिटामॉल दिलेल्या तान्ह्यांच्या अँटीबॉडी कमी बनल्याचं दिसलं. डोसनंतर खरंच ताप आला, बाळ किरकिरं झालं, तर वजनाप्रमाणे जरूर द्या. (नातवंडं ब्रिटनमध्ये असतील तर गोंधळू नका. तिथे २०१५ पासून तान्ह्यांना मेनिंगोकॉकस बी ची लस देतात, तिने ताप बराच येतो, म्हणून तिच्यासोबत पॅरासिटामॉल द्यायला सांगतात. ती लस साखरेची नाही, जंतूच्या अंगावरच्या प्रथिनांची आहे, कारण बी गटाची साखर आपल्याच मेंदूच्या पेशींवरच्या साखरेसारखी दिसते आणि शरीर तिला परकी मानत नाही.)

मेनिंगोकॉकसची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही. प्लीहा नसलेली मुलं, रक्तातल्या कॉम्प्लिमेंटची (जंतू मारायला मदत करणाऱ्या प्रथिनांची) कमतरता असलेली, हज यात्रेला जाणारी आणि परदेशी वसतिगृहात शिकायला निघालेली मुलं यांनी ती घ्यावी. बाकीच्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. या जंतूशी महाराष्ट्राचं नातं वेगळंच आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या आफ्रिकेच्या पट्ट्यात मेनिंगोकॉकस ए च्या साथी यायच्या. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार गेले. त्यासाठी स्वस्त कॉन्जुगेट लस बनवली ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने, जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पात, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत ती सुरू झाली. आधी एक ते एकोणतीस वयाच्या सगळ्यांना एकेक डोस, कारण त्या वयात शरीर एका डोसातही टिकाऊ उत्तर देतं आणि घशातला जंतूच हटला की तान्ह्यांनाही आडोसा मिळतो. मग तान्ह्यांच्या नियमित लसीकरणात ती नऊ महिन्यांनंतर आणली. वरचा सगळा धडा त्या वेळापत्रकात आहे. २०१७ नंतर त्या पट्ट्यात गट ए चा रुग्ण नोंदला गेलेला नाही. जोडलेलं प्रथिन टिटॅनसचं असल्यामुळे लोकांचं धनुर्वातापासूनचं संरक्षणही त्यातच वाढलं.

जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीबद्दल दोनच वाक्यं. क्षयाच्या मेंदूज्वरापासून लहानग्यांना तीच वाचवते, आणि तिची स्मृती अँटीबॉडीची नसून टी पेशींची असते, त्यामुळे वरचा हंडा-विहिरीचा हिशोब तिला लागू नाही. दंडावर वण नाही म्हणून ती पुन्हा द्यायची गरज नसते.

आणि सगळ्या लसी झाल्या तरी मेंदूज्वर करणारे इतर जंतू आणि विषाणू राहतातच. ताप असलेलं बाळ मलूल पडलं, दूध सोडलं, वेगळ्याच चिरक्या आवाजात रडायला लागलं, टाळू फुगली, आचका आला किंवा अंगावर दाबल्यावर न विरणारे जांभळे ठिपके उठले, तर "लसी पूर्ण आहेत" म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

तुमच्या बाळासाठी सांगायचं तर, माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन या आठवड्यातच दवाखान्यात जा. राहिलेली पीसीव्ही आणि डीपीटी बूस्टर एकाच दिवशी, वेगवेगळ्या जागी देता येतात. दोन सुया एकदम टोचल्याने स्मृती कमी होत नाही. हिबचं बूस्टर हवं असेल तर डीपीटी घेण्याआधीच बालरोगतज्ज्ञांना विचारा, म्हणजे हिब असलेली एकत्र लस देता येईल आणि एक सुई वाचेल. नऊ महिन्यांच्या रकान्यात आजची तारीख घालून घ्या, आणि घरी आल्यावर कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो दिरांच्या फोनवरही पाठवून ठेवा. डीपीटीचा पुढचा डोस पाच वर्षांचा असतो, आणि तोपर्यंत कार्डं हरवतात.